दुधझरीचे बैल

आमच्या घरमालकांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी एक लिंबू असे. ते प्रथम माझ्या लक्षात आले, तेव्हा मला वाटले की पित्ताचा त्रास असावा. उन्हाळ्यात खिशात कांदा बाळगणारी माणसे सौंसरला मी पाहिली होती. लिंबाचेही तसेच काही असेल असे समजून मी विचारले नाही. पुढे कळले, की लिंबू त्यांच्यासाठी नव्हते, दगडांसाठी होते. वाटेत एखादा दगड मनात भरला, की ते उकिडवे बसत, किल्लीने तो थोडा खरवडत, त्या भुकटीवर लिंबाचे दोन-चार थेंब पिळत आणि दगडाला कान लावत. दगड चुनखडीचा असेल, तर अगदी बारीक चरचर ऐकू येते. ती ऐकू आली, की त्यांचा चेहरा तान्ह्या मुलाचा पहिला शब्द ऐकल्यासारखा होई. "बोलते," ते म्हणत. ऐकू आली नाही, तर दगड होता तसा, होता तिथेच पालथा ठेवत. "मुका हाये बिचारा." त्यात दगडाचा अपमान मुळीच नसे.

हा प्रयोग ते फक्त रानात करते, तर प्रश्न नव्हता. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला आणि वास्तुशांतीला सगळ्या गावाला जेवायला बोलावले. दिवाणखान्यात राजस्थानहून आणलेली पांढरीशुभ्र फरशी होती आणि यजमान प्रत्येकाला ती दाखवत होते. आम्ही ताटे घेऊन उभे असताना एकाएकी आमचे घरमालक दिसेनासे झाले. पाहतो तर ते जेवणाऱ्यांच्या मधोमध खाली बसलेले, गाल फरशीला टेकलेला.

"मास्तर, काही सांडलं का जी?" यजमानांनी विचारले.

"नाही. तुमची फरशी बोलते का पाहून राहिलो."

"अन्? बोलली?"

"बोलली ना. म्हने, मले माह्या गावाले जाऊ द्या."

सगळे हसले. लिंबाचा रस पडला होता तिथे फरशीची चमक गेली आणि रुपयाएवढा मंद डाग कायमचा राहिला. यजमानीणबाईंनी त्यावर कुंडी आणून ठेवली. परतल्यावर घराचे कुलूप उघडताना त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, "उद्यापासून याहीले जेवाले नेताना खिसे झाडून नेत जाईन."

मी मूळचा पांढुर्ण्याचा. नोकरीच्या सुरुवातीला सौंसरच्या एका शाळेत शिकवत होतो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या खोल्यांत भाड्याने राहत होतो. ते चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले होते. गाव त्यांना मास्तर म्हणे, मी सर म्हणत असे. आणि काकू त्यांना कोणत्याच नावाने हाक मारत नसत. त्यांच्याविषयी बोलायचे झाले, की हातात असेल ते, लाटणे, झाडू, चष्म्याचे घर, त्यांच्या दिशेने रोखत.

घराला चुन्याचा गिलावा होता. मागच्या अंगणातल्या हौदात विरवलेला चुना कायम भिजत असे आणि भिंतीचा कुठे पोपडा निघाला, की सर त्यातला गोळा काढून स्वतः लिंपत. सिमेंटला त्या घराचे दार बंद होते. उंदराचे बीळ बुजवायलाही ते चालत नसे. भाडेकरूला अट एकच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

"दगड जाळला, त्याचा चुना झाला, चुना भिजवला, लावला, अन् वाळता वाळता त्याचा पुन्हा दगड होऊन राहिला," ते मला म्हणाले होते. "एवढा फेरा मारून आली ही भिंत. अन् तू तिच्यात कॅलेंडरासाठी खिळा ठोकशीन?"

मी कॅलेंडर आढ्याच्या दांडीला सुतळीने टांगले. खोलीच्या मध्यभागी ते अधांतरी लोंबत असे आणि पंखा लावला की गरगर फिरे. तारीख पाहायची तर पंखा बंद करून थांबावे लागे. माझ्याकडे येणारे लोक हसत. मीही त्यांच्याबरोबर हसत असे आणि सरांसमोर मात्र, किती सोयीचे आहे, कोणत्याही कोपऱ्यातून दिसते, असे म्हणत असे. दोन्ही ठिकाणी मी समोरच्याला हवे ते बोलत होतो, हे मला तेव्हा जाणवतही नव्हते.

त्यांच्या चहाच्या किटलीत वर्षानुवर्षांचा पांढरा थर साचलेला होता. तो घासायला त्यांची मनाई होती. कुणी आले की किटली पालथी करून ते आतला थर दाखवत: हा कोरड्या वर्षाचा, हा जास्त पावसाच्या वर्षाचा. "याहीच्या किटलीत आता चहा कमी अन् डोंगर जास्त," काकू म्हणत. खरोखरच त्यात जेमतेम दोन कप चहा मावे. तिसरा माणूस आला, की काकू पातेले चढवत आणि सर खट्टू होत.

शाळेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांचे एक वाक्य पाठ होते. मुले पांढरा रंग मागत, तेव्हा ते देत नसत. "पांढरं रंगवायचं नसते रे. पांढरं सोडायचं असते. कागद देवानं पांढराच देला तुले, तू फक्त त्याच्यावर हात नको मारू." एवढा माणूस चित्रकलेचा मास्तर, पण घरात त्यांचे एकही चित्र नव्हते. एकदाच त्यांनी चुनखडीच्या खोऱ्याचे जलरंगातले चित्र काढले आणि मला दाखवायला आणले. खडक, झाडी, झरा, सगळे होते. पण ते खोरे नव्हते. मला ते दिसत होते. तरी मी म्हणालो, "सुंदर झालंय, सर."

त्यांनी चित्र माझ्या हातातून घेतले. "तू संत्र्याच्या गावचा ना. आंबट निघालं तरी गोडच सांगशीन." आणि चित्र टराटरा फाडले. मला वाईट वाटले ते चित्र फाडल्याचे, असे मी स्वतःला समजावले. आज वाटते, त्या घरात त्यांना खरे सांगणारे दुसरे माणूस हवे होते, आणि भाडे देऊन मी त्या जागी राहत होतो.

ते खोरे पाहायचे, तर सौंसरहून सातपुड्याच्या बाजूला निघावे लागते. कापसाची काळी शेते आणि संत्र्याचे बगीचे काही अंतर सोबत येतात. मग रस्ता उतरू लागतो, माती विरळ होते, आणि एका वळणानंतर जिकडे तिकडे पांढुरका दगड दिसतो. पावसाने कोरलेला, भोके पडलेला, कुठे मुरमुऱ्याच्या लाडवासारखा. तिथला नाला चालता चालता एका फटीत शिरून दिसेनासा होतो आणि बऱ्याच खाली, काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा वर येतो. जुन्या चुनाभट्ट्यांचे गोल खड्डे उतारावर आहेत. त्यांची काळवंडलेली तोंडे आता सीताफळाच्या झाडांनी झाकली आहेत. चुना काढणारी घरे केव्हाच पांगली. "सौंसर म्हणजे काय?" सर विचारत आणि स्वतःच सांगत, "हेच खोरं. आडवं होतं, थे उभं केलं." गावातली जुनी घरे, देवळांचे गिलावे, पायविहिरींचे कठडे, सगळ्यांत याच खोऱ्याचा चुना होता. त्यामुळे गावात एखादे जुने घर पाडले, की ते सुतकी चेहऱ्याने फिरत.

खोऱ्याच्या तळाशी दुधझरी. कड्याच्या कपारीतून बारमाही झिरपणारे पाणी आणि त्याखाली एक डोह, फार मोठा नव्हे, पण शेजारच्या वस्तीची गुरे बारा महिने त्यावर जगत. त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. त्यात जे ठेवाल, त्यावर तो हळूहळू बसतो. पान पडले तर पानाचा दगड होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि घराघरांतून त्यांना खाऊ, पैसे, म्हणजे बोजारा मिळतो. खोऱ्यातल्या लोकांनी त्याला आपली एक रीत जोडली होती. मूल मोठे झाले, बैल ओढत बोजारा मागायची त्याला लाज वाटू लागली, की त्या वर्षी तो बैल दुधझरीवर न्यायचा, डोहाचे पाणी जिथून ओसंडते त्या कडेवर ठेवायचा आणि मागे न पाहता परत यायचे. काही वर्षांत लाकूड झाकले जाई. बैल दगडाचा होई. आज्याचा बैल, त्याच्या शेजारी बापाचा, त्याला टेकून पोराचा. सगळ्यांत जुन्यांची शिंगे बोथट झालेली, वशिंडे एकमेकांत मिसळलेली, डोळे कुठे होते तेही कळत नसे. ओळीने बसलेल्या त्या पांढऱ्या बैलांच्या पाठींवरून पाणी संथ ओघळत असे. एवढे शांत दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही.

त्याच दिवशी माझ्या गावाला जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांमधली दगडफेक, असते. अर्धे सौंसर पांढुर्ण्याला आणि पलीकडच्या सावरगावला जाई. सर उलट दिशेला निघत. "तिकडं लोक दगड फेकून राहिले, इकडं पाणी दगड जमवून राहिलं," ते म्हणत. "तू कुठं येतं?" मी त्यांच्याबरोबर जात असे. ते झऱ्याशी छत्री घेऊन बसत आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला बैलाचे नाव विचारत. मूल लाजत लाजत ढवळ्या, पवळ्या, क्वचित एखाद्या नटाचे नाव सांगे. नाव ते लिहून ठेवत नसत, लक्षातही ठेवत नसत. विचारणे एवढेच त्यांचे काम होते. आणि कुणी एखादा बैल उचलून पाहायला लागले, की ओरडत, "हात नको! डोळ्यानं पाहाय. डोळे देले ना तुले?"

वस्तीतल्या फुलाबाईंचे आणि त्यांचे यावरून नेहमी वाजे. फुलाबाईंची गुरे त्या डोहावर पाणी पीत आणि एखादी गाय बैलाला शिंग घासे. "मास्तर, आता गाईले बी सांगा, हात नको म्हनून," त्या पदराआड हसून म्हणत.

पुढे माझी बदली पांढुर्ण्याला झाली. जाणे-येणे राहिले, पण सणावाराचे. पांढुर्णा नवा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या भाविकांनी गच्च भरलेल्या बसमध्ये उभे राहून सर माझ्याकडे आले. ते कधीच गाव सोडून कुणाकडे जात नसत, म्हणून मी घाबरलो. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक बैल चोरीले गेला."

दुधझरीवरचा, ओळीच्या टोकाचा, अजून न सांधलेला एक बैल कुणीतरी उपटून नेला होता, आणि तो त्यांना हमरस्त्यावरच्या एका धाब्याच्या गल्ल्यावर दिसला होता. समोर उदबत्ती, कपाळी गंध. त्यांनी धाबेवाल्याला जाब विचारला. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, पूजा करून राहिलो ना जी त्याची. तिथं कोन पूजा करत होतं?" माझ्या ओट्यावर बसूनही सर त्याचे उत्तर शोधत होते. "आज एक गेला," ते म्हणाले. "आता रस्ता झाला तिकडं. गाड्या येऊन राहिल्या. उद्या सगळे जातीन."

नव्या जिल्ह्यात तेव्हा जुन्या गोष्टींची विचारपूस सुरू झाली होती. ओळखीतून मी एका खात्याच्या साहेबांना दुधझरी पाहायला घेऊन गेलो. साहेब परप्रांतीचे, तरुण, सज्जन. डोहात उतरण्यापूर्वी त्यांनी बूट काढले, हे मला आजही आठवते. त्यांच्याविषयी वाईट बोलणे माझ्याकडून होणार नाही. ते ओळीतल्या एकेका बैलासमोर वाकले आणि सरांना म्हणाले, "मास्टर साहब, यहाँ इन्हें कौन बचाएगा? एक कमरा दे देंगे, काँच लगवा देंगे. ताला रहेगा. बच्चे आएँगे, देखेंगे."

सर छत्रीचे टोक वाळूत फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळले. "तू सांग. काय करावं?"

त्या क्षणाकडे मी अनेकदा परत गेलो आहे. आयुष्यभर 'हात नको' म्हणणारा माणूस मला विचारत होता, की हात लावू द्यावा का. त्यांच्या चेहऱ्यावर मला थकवा दिसला आणि वाटले, त्यांना होकार हवा आहे, एकदाची काळजी मिटायला हवी आहे. म्हणून मी म्हणालो, "सुरक्षित राहतील, सर." आता वाटते, कदाचित त्यांना नकार हवा होता. स्वतःला थांबवण्याचे बळ उरले नव्हते आणि ते माझ्याकडे उसने मागत होते. पण हेही मी माझ्या सोयीने रचलेले असू शकेल. खरे एवढेच, की त्यांनी मत विचारले आणि मी त्यांचे मन राखले.

बैल काढले त्या दिवशी वस्तीत कुणाला वाईट वाटले नाही. उलट बायका नटून आल्या होत्या. "आमचे बैल काचात बसतीन, अन् आमी इथं शेणात," फुलाबाई म्हणाल्या. "नशीब पाहाय बैलाचं!" गवंडी छिन्नीने अगदी हलके ठोके देत होता. बैल सुटा निघत नव्हता. प्रत्येकाबरोबर खालचा, बाजूचा थोडा थर तुटून येई. सर प्रत्येक बैल स्वतःच्या मांडीवर घेत, टॉवेलात गुंडाळत आणि गवताच्या पेटीत ठेवत. ते कुणावर ओरडले नाहीत. काकू मला हळूच म्हणाल्या, "याहीच्या घरी पोर जन्मलं असतं, तरी एवढं जपून नसतं उचललं."

आठवडाही झाला नव्हता, तोच फुलाबाई सौंसरला सरांच्या दारात आल्या. मी त्या दिवशी तिथे होतो.

"मास्तर, डोह गेला."

"कुठं गेला?"

"थेच इचाराले आली मी तुमाले."

आम्ही तिघे तसेच निघालो. डोहाचा तळ उघडा पडला होता, ओल्या पाटीसारखा, आणि त्यावर गाई उभ्या होत्या. पाणी इथेच होते, येईल, अशा विश्वासाने. कपारीतून झरा पूर्वीसारखाच येत होता. पण बैल काढलेल्या खळग्यांतून तो थेट खाली उतरत होता आणि काही पावलांवर दगडाच्या फटीत नाहीसा होत होता. इतकी वर्षे आम्ही सगळे ज्यांना काठावरचे बैल म्हणत होतो, त्या बैलांचाच काठ झालेला होता. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी नेमके पाणी ओसंडायच्या जागी बैल ठेवले, पाण्याने ते एकमेकांशी सांधले आणि बांध उंचावत गेला. डोह मुळातला नव्हता. तो त्या रीतीने धरून ठेवला होता. हे वस्तीला माहीत नव्हते, साहेबांना नव्हते आणि सरांनाही नव्हते. दगडांचे बोलणे ऐकणाऱ्या त्या माणसाने एका खळग्यात हात कोपरापर्यंत घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"मी काढले," ते म्हणाले. "गवंड्यानं नाही. मी."

"सर, आपण सगळ्यांनी..." मी सुरू केले.

"गोड नको बोलू."

साहेबांनी बैल परत द्यायला नाही म्हटले नाही. आम्ही ते आणून बसवून पाहिले. पण तुटलेल्या कडा जुळेनात; ज्या सांध्यातून दोऱ्याएवढी फट राही, तिथून पाणी वाट काढी. मग सरांनी घरच्या हौदातला चुना आणला. गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, सगळा जुना मसाला घालून तो घोटला आणि भर दुपारी, डोक्याला ओला पंचा बांधून, स्वतः लिंपू लागले. चुन्याला घट्ट व्हायला निवांत वेळ लागतो. झरा तो देत नव्हता. सकाळी लावलेला चुना संध्याकाळी दुधासारखा वाहून जाई. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लावत. तोवर उन्हाळा चढला. वस्तीच्या बायका दूरच्या हातपंपावरून गुरांसाठी पाणी वाहू लागल्या.

फुलाबाई एका दुपारी डोक्यावर हंडा घेऊनच डोहापाशी थांबल्या. या वेळी हसल्या नाहीत. "मास्तर, तुमचा चुना वाळतपर्यंत माह्या गाई जगतीन का?"

सरांनी हातातली थापी खाली ठेवली. त्यांनी मला फोन केला तो त्या संध्याकाळी. "सिमेंट घेऊन ये," एवढेच म्हणाले आणि ठेवून दिला. ते शब्द त्यांच्याच तोंडून आले याची खात्री करायला मी काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, "विचारू नको. आन."

सिमेंट गवंड्यानेच लावले. सर छत्री न उघडता उन्हात उभे होते. काम संपल्यावर गवंडी म्हणाला, वरून पांढरा हात मारून देतो, म्हणजे कळणारही नाही.

"नको," सर म्हणाले. "कळू दे."

पुढच्या दिवसांत डोह भरला. गाई पाण्यात उतरल्या. फुलाबाईंनी चुलीवरचा काळा चहा आणला आणि कप त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "पानी आलं, मास्तर. आता तं हसा."

"हसून राहिलो ना," सर म्हणाले. चहा त्यांनी सगळा प्यायला. करड्या पट्ट्यात अडकवलेल्या त्या बैलांकडे मात्र एकदाही पाहिले नाही. त्यानंतर ते दुधझरीला कधी गेले नाहीत. कुणी विषय काढला, तर उठून आत जात.

त्यांची दृष्टी नंतर हळूहळू गेली. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. ते भिंतीशी खाट ओढून बसत आणि बोटांनी गिलावा चाचपत. बोटांनी त्यांना सगळे कळे. मी दिलेले संत्रे कोणत्या बहाराचे, सदऱ्याचे कापड कुठे विरले आहे, माझे वजन किती उतरले आहे. मी जात असे, तास-दोन तास बसत असे. त्यांना बरे वाटेल असे काही बोलण्याचा माझा प्रयत्न असे आणि ते तो प्रयत्न ओळखून मान हलवत.

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी एकटाच दुधझरीवर गेलो. मुले थोडी होती. बरेचसे बैल आता प्लास्टिकचे. तरी सिमेंटच्या कडेवर कुणीतरी एक लाकडी बैल आणून ठेवला होता. पाणी त्याच्या पाठीवरून आणि सिमेंटवरून सारखेच ओघळत होते. मी सहज हात लावला आणि थबकलो. सिमेंट खरखरीत लागत नव्हते. त्यावर एक पातळ, पांढरी साय धरली होती, दुधावर धरते तशी, आणि काही ठिकाणी ती जुन्या बैलांच्या अंगावरून सिमेंटवर आणि सिमेंटवरून पुन्हा बैलांवर सलग गेली होती. पाण्याने आमचे काम आपलेसे करायला घेतले होते. कुणीही त्याला सांगितले नव्हते.

सरांना हे दाखवता येणार नव्हते. पण त्यांच्या बोटांखाली एक कपची ठेवली असती, तर पुरे होते. मी कडेशी नख लावले. साय इतकी नवी होती, की सहज निघाली असती. नख तसेच टेकवून मी किती वेळ बसलो कोण जाणे. मग हात काढून घेतला.

तिथून थेट सौंसरला गेलो. ती आमची शेवटची भेट.

"सर, दुधझरीवरून आलो. सिमेंटवर पांढरी साय धरली आहे. बैलांना सांधून."

त्यांची बोटे भिंतीवर थांबली. "हो?"

"खरंच. माझ्या हाताला लागली."

"आणली का?"

"नाही."

"काहून?"

"तोडावी लागली असती, सर."

त्यांनी हात पुढे केला. मी माझा त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या बोटांची टोके एकेक करून चाचपली, नखे चाचपली, तळवा उलटून पाहिल्यासारखे केले. प्रवासात हात कोरडा झाला होता. साय लागल्याची खूण त्यावर राहिली नव्हती. मग त्यांनी तो हात थोपटला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला.

"ऐकलं का," त्यांनी आत काकूंना आवाज दिला, "याले चहा टाक. मले बरं वाटावं म्हणून एवढ्या दूर गोड सांगाले आला बिचारा."